एसीचे तारे कारखान्याच्या दारातच विझतात

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जाहीर केले की, एसीचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या खाली आणि 28 अंशांच्या वर नेता येऊ नये, असा नियम आणला जाणार आहे. घोषणा होताच वाद पेटला. एका बाजूने विजेच्या बचतीचे गणित मांडले गेले. दुसऱ्या बाजूने, नागरिकाच्या शयनगृहात शासनाने डोकावू नये, असा आक्षेप आला. दोन्ही पक्ष त्वेषाने भांडले, पण एका बाबतीत दोघांचे मुकाट एकमत होते. एसी किती वीज खाणार हे रिमोटवरचा आकडा ठरवतो, असे दोघांनीही गृहीत धरले होते.

हे गृहीतक अर्धेच खरे आहे. आणि उरलेल्या अर्ध्याकडे सरकार, उत्पादक, ग्राहक आणि विज्ञानाचे अभ्यासक असे सगळेच पाठ फिरवून बसले आहेत. ते उरलेले अर्धे म्हणजे एसीची बसवणी.

प्रश्न किरकोळ नाही. 30 मे 2024 रोजी देशातील विजेची कमाल मागणी 250 गिगावॅटवर पोहोचली. तोवरचा तो उच्चांक होता आणि त्यामागे उष्णतेची लाट होती. देशात आता वर्षाला एक कोटीहून अधिक एसी विकले जातात. त्यांतला प्रत्येक एसी कोणीतरी तासा-दोन तासांत भिंतीला टांगतो आणि निघून जातो. पुढची दहा वर्षे ते यंत्र किती वीज ओढणार, किती वायू हवेत सोडणार आणि कोणाच्या डोक्यावर कोसळण्याचा धोका बाळगणार, याचा मोठा भाग त्या तासा-दोन तासांत ठरून जातो.

या प्रकरणाचे मूळ एका साध्या वस्तुस्थितीत आहे. घरातला फ्रिज कारखान्यातून पूर्ण यंत्र म्हणून बाहेर पडतो. त्यातले शीतकाचे चक्र तिथेच जोडलेले, तपासलेले आणि कायमचे बंद केलेले असते. स्प्लिट एसीचे तसे नसते. त्याचे दोन तुकडे खोक्यांतून घरी येतात, आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या ग्राहकाच्या सज्ज्यात कापल्या, वाकवल्या आणि आवळल्या जातात. कारखान्यात यंत्र अर्धेच तयार होते. उरलेला कारखाना तो सज्जा असतो. तिथे ना गुणवत्ता नियंत्रण असते, ना चाचणी, ना नोंदवही. म्हणूनच फ्रिजमध्ये वर्षानुवर्षे कोणी गॅस भरत नाही, आणि एसीत मात्र दर उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ हे वाक्य ऐकू येते.

या वाक्याइतकी अवैज्ञानिक आणि तरीही सर्वमान्य झालेली दुसरी समजूत सापडणे कठीण. शीतक हे इंधन नव्हे. ते जळत नाही, झिजत नाही. बंद चक्रात ते द्रवाचे बाष्प आणि बाष्पाचा द्रव होत फिरत राहते. ते कमी झाले याचा अर्थ ते कुठून तरी निसटले. ती गळती शोधून बंद न करता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणे होय. ही गळती बहुधा त्या सज्ज्यात आवळलेल्या जोडापाशी असते. नळीचे तोंड फुलवून, म्हणजे फ्लेअर करून, त्यावर पितळी नट बसवतात. 6.35 मिलिमीटर नळीचा नट साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर बलआघूर्णाने आवळावा लागतो. सैल राहिला तर वायू पाझरतो. जास्त आवळला तर तांब्याचे फुललेले तोंड चिरते आणि काही महिन्यांनी वायू पाझरतो. हे बल मोजणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो. प्रत्यक्षात मापाची जागा मनगटाचा अंदाज घेतो.

दुसरी चूक याहून गंभीर, कारण ती दिसतच नाही. नळ्या जोडल्यावर त्यांच्या आत साधी हवा आणि तिच्यातली आर्द्रता अडकलेली असते. ती काढण्यासाठी व्हॅक्यूम पंपाने आतला दाब पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, तंत्रज्ञांच्या भाषेत 500 मायक्रॉनपर्यंत, खाली आणावा लागतो. त्यामागचे भौतिकशास्त्र शालेय पातळीचे आहे. 30 अंशांना पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे 32 मिलिमीटर असतो. नळीतला दाब त्याच्या बराच खाली गेला, तरच भिंतीला चिकटलेले पाणी उकळून बाहेर पडते. मग पंप बंद करून काही मिनिटे मापकाकडे पाहत राहायचे. काटा स्थिर राहिला तर चक्र कोरडे आहे आणि जोड पक्के आहेत. तो चढू लागला तर कुठेतरी पाणी उरले आहे किंवा गळती आहे.

या अर्ध्या तासाच्या कामाऐवजी अनेक घरांत जे घडते ते असे: एका नळीची झडप काही सेकंद उघडली जाते, दुसऱ्या टोकाचा नट सैल ठेवला जातो, आणि बाहेरच्या युनिटमधला गॅसच हवेला ढकलून बाहेर काढतो. फुस्स असा आवाज येतो, नट आवळला जातो, आणि ‘एअर काढली’ असे सांगितले जाते. यातून थोडी हवा जाते, सगळी जात नाही. भिंतीवरची आर्द्रता तर बहुतांशी तिथेच राहते. उरलेली हवा थंड होऊन द्रव होत नाही. ती बाहेरच्या गुंडाळीत साचते आणि डाल्टनच्या आंशिक दाबाच्या नियमानुसार शीतकाच्या दाबात आपला दाब मिळवते. त्या वाढीव दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला जन्मभर झुंजावे लागते. पाणी वंगणतेलाशी अभिक्रिया करून आम्ल बनवते आणि ते आम्ल मोटारीच्या वेटोळ्यांवरचे आवरण खाऊ लागते. तीन-चार वर्षांनी कॉम्प्रेसर जळतो, आणि ग्राहक कंपनीला, विजेच्या दाबाला किंवा नशिबाला दोष देतो.

त्या फुस्सकन सुटलेल्या वायूचेही मोजमाप करायला हवे. आजच्या बहुतेक घरगुती एसींत आर-32 हा वायू असतो. शंभर वर्षांच्या कालखंडात त्याची तापवर्धनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट धरली जाते. 50 ग्रॅम सुटले तर ते जवळपास 34 किलो कार्बन डायऑक्साइडइतके होते. गळतीमुळे 700 ग्रॅम निसटले तर 470 किलोहून अधिक. भारतीय ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ही हानी साडेसहाशेहून अधिक युनिटे वीज जाळण्याइतकी आहे. रिमोटवर दोन अंश वाढवून हंगामभर केलेली बचत एका सैल नटाने धुऊन निघू शकते. शिवाय आर-32 सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. बंद खोलीत, पेटत्या ज्योतीजवळ तो सोडणे हा निष्काळजीपणाचा कळस होय.

तिसरी चूक जागेची. एसी थंडी निर्माण करत नाही. तो खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. ती टाकायला मोकळी हवा मिळाली नाही, तर यंत्र स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेते. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, कोलकाता या शहरांतल्या इमारतींत बाहेरची युनिटे अरुंद डक्टमध्ये, काचेने बंद केलेल्या गॅलरीत, सजावटीच्या जाळीमागे किंवा एकाच्या डोक्यावर एक अशी रचलेली दिसतात. खालच्या मजल्याची गरम हवा वरच्या मजल्याचे यंत्र ओढते.

याची किंमत कार्नोच्या सूत्राने सहज काढता येते. आतली गुंडाळी 10 अंशांवर, म्हणजे 283 केल्विनवर, आणि बाहेरची 50 अंशांवर, म्हणजे 323 केल्विनवर असेल, तर आदर्श यंत्राचा कार्यगुणांक 283 भागिले 40, म्हणजे सुमारे 7.1 येतो. कोंडलेल्या हवेमुळे बाहेरची गुंडाळी 60 अंशांवर गेली, तर तो 283 भागिले 50, म्हणजे सुमारे 5.7 होतो. घट वीस टक्के. खरे यंत्र आदर्शापासून दूर असते, पण घसरण्याची दिशा तीच असते. आता ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे जुलै 2022 पासूनचे निकष आठवावेत: स्प्लिट एसीला पाच तारे मिळवण्यासाठी हंगामी कार्यक्षमतेचा गुणांक किमान 5 लागे, आणि 3.8 ते 4.39 या पट्ट्यात तीन तारे मिळत. पाचातून वीस टक्के वजा केले की चार उरतात. ग्राहक पाच ताऱ्यांचे पैसे मोजतो, आणि सज्ज्यातल्या चुकीच्या जागेमुळे त्याच्या घरी तीन ताऱ्यांचे यंत्र चालते. खोक्यावरचे लेबल मात्र पाचच तारे दाखवत राहते.

लेबल खोटे नसते, पण ते एका प्रयोगशाळेतल्या यंत्राबद्दल बोलत असते. तिथे नळ्या नेमून दिलेल्या लांबीच्या, चक्र पूर्ण कोरडे, शीतक ग्रॅममध्ये मोजलेले आणि हवा मोकळी असते. 24 ते 43 अंशांच्या पट्ट्यात वर्षाला 1600 तास धरून गुणांक काढला जातो. बसवणीची पत या हिशोबात कुठेही येत नाही. जे मोजलेच जात नाही त्याची सुधारणा होत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये.

लहान वाटणाऱ्या चुकांची यादी याखेरीज बरीच आहे. उरलेली नळी कापण्याऐवजी तिचे वेटोळे करून युनिटमागे कोंबणे. ठरलेल्या लांबीपेक्षा नळी वाढली तरी वाढीव शीतक वजन करून न घालणे. बहुतेक घरगुती स्प्लिट एसींत दाब उतरवणारी केशनलिका बाहेरच्या युनिटमध्येच असते, त्यामुळे दोन्ही नळ्या थंड असतात. तरीही एकीलाच फोमचे आवरण घालणे, किंवा दोघींना एकाच आवरणात गुंडाळणे. पाण्याच्या नळीला उतार न ठेवणे, मग ते पाणी घरातल्या भिंतीवर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीवर. स्वतंत्र तारजोडणी, योग्य एमसीबी आणि खरे अर्थिंग यांशिवाय साध्या बोर्डाला यंत्र जोडणे. गळती तपासताना कोरड्या नायट्रोजनऐवजी हाताशी असलेला ऑक्सिजन वापरणे, हा तर तेलाशी गाठ पडताच स्फोटाला आमंत्रण देणारा प्रकार.

खरेदीच्या वेळचा ‘दीड टन’ हाही असाच न समजता उच्चारलेला मंत्र. एक टन म्हणजे 3.5 किलोवॅट उष्णता उपसण्याची क्षमता. चोवीस तासांत एक अमेरिकी टन बर्फ वितळवायला लागणाऱ्या उष्णतेवरून हे एकक आले. वरच्या मजल्यावरची, तापलेल्या स्लॅबखालची खोली आणि पहिल्या मजल्यावरची सावलीतली खोली यांचा भार सारखा नसतो. चेन्नई-मुंबईच्या दमट हवेत गरजेपेक्षा मोठे यंत्र झटपट तापमान उतरवून थांबते, पण हवेतले पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली थंड आणि ओलसर राहते, आणि रहिवासी रिमोटवरचा आकडा आणखी खाली नेतो. रिमोटवर मर्यादा घालणाऱ्यांनी हा आकडा खाली का जातो, हेही पाहायला हवे होते.

या सगळ्यावर एक उत्तर ठरलेले असते: ‘पण एसी तर व्यवस्थित चालतो!’ चालतोच. हीच या दोषांची खुबी आहे. जुन्या यंत्रात बिघाड असला की खोली थंड होत नसे आणि तक्रार होई. इन्व्हर्टर यंत्र आपला वेग वाढवून बसवणीतला दोष झाकून टाकते. थंडावा मिळतो, वीज मात्र जास्त जाते, आणि ते ‘जास्त’ कशाच्या तुलनेत, हे ग्राहकाला कधीच कळत नाही. तंत्रज्ञानाच्या प्रगतीने दोष दूर केला नाही. तो बिलात लपवला.

दुसरा आक्षेप असा की, हा सगळा दोष अडाणी कारागिराचा आहे. हा आक्षेप सोयीचा आहे आणि अन्यायकारकही. एप्रिल-मेच्या उन्हात, नगामागे मजुरीवर, एका दिवसात जमतील तितकी कामे उरकणाऱ्या माणसाकडून प्रत्येक घरी अर्धा तास पंपाचा मापक न्याहाळण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्या अर्ध्या तासाचे पैसे ना कंपनी देते, ना ग्राहक. सातव्या मजल्याच्या कठड्यावर तो पट्ट्याशिवाय उभा असतो, तेव्हा आतून कोणीतरी ‘अजून किती वेळ?’ असे विचारत असते. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीच्या करोल बाग परिसरात वरून एसीचे बाहेरचे युनिट कोसळून खाली दुचाकीवर बसलेल्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याची दृश्ये देशभर फिरली, हळहळ व्यक्त झाली. पण यंत्र टांगण्याच्या पद्धतीवर रिमोटच्या आकड्याइतका वाद मात्र झाला नाही.

घरातली तारजोडणी करायला वायरमनला परवाना लागतो. अमेरिकेत शीतकाचे चक्र उघडायला पर्यावरण संस्थेच्या नियमांनुसार प्रमाणपत्र लागते. युरोपीय संघात एसी बसवणाराही प्रमाणित असावा लागतो. भारतात रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम आहे, पण तो केलेला माणूसच घरी यावा अशी सक्ती नाही. मार्च 2019 मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात 2022-23 पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. वर्षाला कोटीभर यंत्रे बसवणाऱ्या देशासाठी ही सुरुवात म्हणून योग्यच. पण प्रमाणपत्र ऐच्छिक आहे तोवर बाजार स्वस्त आणि घाईच्या हातांनाच निवडणार. 2021 मध्ये भारताने किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. त्यानुसार 2028 पासून हायड्रोफ्लोरोकार्बनच्या वापरावर मर्यादा येईल आणि 2032 पासून टप्प्याटप्प्याने कपात सुरू होईल. तेव्हाही दर उन्हाळ्यात गळक्या नळ्यांत गॅस ओतत बसणे देशाला परवडणारे नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक बसवणीबरोबर एक नोंदपत्र बंधनकारक व्हावे: गाठलेला निर्वात दाब, नळीची लांबी, घातलेले वाढीव शीतक, जोड आवळल्याचे बल, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान. या नोंदीशिवाय हमीचा काळ सुरू होऊ नये. शीतक हाताळणाऱ्याला प्रमाणपत्र सक्तीचे असावे आणि त्याचा खर्च उत्पादकांनी उचलावा. मजुरी नगावर न देता पूर्ण प्रक्रियेवर द्यावी, आणि त्यात सुरक्षापट्टा गृहीत असावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने प्रयोगशाळेबरोबरच घराघरांतली काही यंत्रे निवडून तपासावीत. इमारतीचा नकाशा मंजूर करताना बाहेरच्या युनिटसाठी हवेशीर आणि सुरक्षितपणे पोहोचता येईल अशी जागा मागितली जावी.

रिमोटवर मर्यादा घालायला या मागण्यांचा विरोध नाही. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचाच अंदाज आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आक्षेप आहे तो अनुक्रमाला. रिमोटवरचा नियम सोपा, कारण तो कारखान्यात एका चिपवर लिहिता येतो आणि पाळल्याची जबाबदारी नागरिकावर टाकता येते. बसवणीचा नियम अवघड, कारण त्यासाठी माणसे शिकवावी लागतात, त्यांना वेळ आणि दाम द्यावे लागतात, आणि उत्पादकाला कारखान्याच्या दाराबाहेरही जबाबदार धरावे लागते. सोपे आधी उचलून अवघड विसरून जाण्याची ही सवय देशाला महाग पडत आहे.

विज्ञान संस्थांनीही यातून अंग काढून घेऊ नये. त्याच 2019 च्या आराखड्याने शीतकरण हे राष्ट्रीय संशोधनाचे प्राधान्यक्षेत्र मानावे असे म्हटले आहे. नवी शीतके आणि नवे पदार्थ यांवरचे शोधनिबंध मोलाचेच. पण बसवलेल्या यंत्राची खरी कार्यक्षमता मोजणे हेही विज्ञानच आहे, आणि ते अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. विद्यार्थ्याला सुरुवात तर एका साध्या तापमापकाने करता येते. सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तिथे, एसी अर्धा तास चालल्यावर, बाहेरचे युनिट जिथून हवा ओढते तिथले तापमान घ्यावे आणि मोकळ्या सावलीतले तापमान घ्यावे. दोन्ही जवळपास सारखी असतील तर यंत्राला श्वास घेता येतो आहे. फरक पाच-दहा अंशांचा असेल, तर लेबलावरच्या ताऱ्यांपैकी किती शिल्लक उरले, याचे उत्तर त्याच फरकात आहे.

एसी घ्यायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने दुकानदाराला ताऱ्यांबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: बसवायला येणारा माणूस व्हॅक्यूम पंप आणि मापक घेऊन येणार का, आणि त्या अर्ध्या तासाचे त्याला पैसे मिळणार का? हा प्रश्न पुरेशा दुकानांत, पुरेशा वेळा विचारला गेला, तर सरकारला आणि उत्पादकांनाही उत्तर शोधावे लागेल.